सात सामने

"पश्चिम जिंकली. दोनशे सव्वीस, दोनशे चोवीस. मी हरले," ताई फोनवर म्हणाली.

एप्रिलमधला रविवार होता. आमच्याकडे ओहायोत सकाळचे साडेआठ, म्हणजे तिच्याकडे मिरजेत संध्याकाळचे सहा. तिचं जेवण उरकलेलं असणार. सूर्य मावळायच्या आत जेवायची आम्हा जैनांची रीत, आणि घरात एकटी उरल्यावरही ताईने ती सोडली नव्हती. जेवून, भांडी घासून, ती फोनला बसायची. मी मात्र अजून अंथरुणातच होतो. रिसीव्हर उशीवर ठेवून त्याला कान टेकवून पडलो होतो.

"दोनच सामन्यांनी?" मी म्हटलं.

"दोन असू देत नाहीतर शंभर. हार ती हार. पुढचं वर्षभर फोन मीच करायचा."

"सलग दहाव्या वर्षी हरलीस."

"असू दे की."

ही पैज काय होती ते सांगायला हवं. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये तीस संघ आहेत. नकाशा मधोमध फाडावा तसे त्यांचे दोन गट पाडलेत, पंधरा पूर्वेचे आणि पंधरा पश्चिमेचे. पूर्वेचा प्रत्येक संघ पश्चिमेच्या प्रत्येक संघाशी मोसमात दोनदा खेळतो. सगळे मिळून साडेचारशे सामने. त्यातले जास्त ज्या गटाने जिंकले तो गट भारी. आई गेली त्या वर्षी, मी मिरजेहून परत आल्यावर ताईनेच फोनवर ही टूम काढली होती. आपण एकेक गट घ्यायचा, आणि ज्याचा गट हरेल त्याने पुढचं वर्षभर दर रविवारी फोन करायचा. "मी पूर्व घेते," असं तिने मी तोंड उघडायच्या आत सांगून टाकलं होतं.

मला तेव्हा हसू आलं होतं. पश्चिम भारी आहे हे शेंबडं पोरही सांगेल, आणि ताई तर मिरजेत मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका. तरुणपणी विद्यापीठाकडून खेळलेली, पुढे जिल्ह्यातली सगळ्यात कडक रेफ्री. समोरच्या पोरीचा डावा हात कच्चा आहे हे तिला पाच मिनिटांत कळायचं. ती पूर्व घेते म्हणजे माझ्यासाठी घेते, ओहायो पूर्वेत येतं म्हणून, असं मी मनाशी धरून चाललो. त्यावरून तिला चिडवायचोही. ती चिडत नसे.

शाळेतल्या कॉम्प्युटरवर निकाल बघून ती साडेचारशेच्या साडेचारशे सामने वहीत टिपायची. पूर्वेचा रकाना, पश्चिमेचा रकाना, एकेका संघापुढे उभ्या रेघा. तिची मोजणी मी कधी तपासली नव्हती. आवटी बाईंचा, म्हणजे ताईचा, स्कोअर तपासायची मिरजेत कुणाची छाती नव्हती, मग माझी कुठून असणार?

"मृणाल कुठाय?" तिने विचारलं.

"बाजारात गेलीय."

"गेल्या रविवारी पण बाजारातच होती."

"इथे बाजार लांब असतो, ताई."

"बरं. नाश्ता केलास?"

"केला," मी उशीवर पडल्यापडल्या सांगितलं.

मृणाल, माझी बायको, बाजारात नव्हती. ती जानेवारीत घर सोडून शिकागोला निघून गेली होती. भांडण नाही, तंटा नाही. एका संध्याकाळी म्हणाली, "श्रीपाल, तुझ्याबरोबर राहून मी एकटी आहे, त्यापेक्षा नुसतीच एकटी राहीन." मला त्यावर उत्तर सुचलं नाही. सुचलं नाही म्हणून ती गेली, असंही असेल.

ताईला मी हे सांगितलं नव्हतं. दर रविवारी फोन वाजला की मी मनाशी म्हणायचो, आज मृणालला कुठे पाठवायचं? बाजारात, पोहायला, मैत्रिणीकडे, दाताच्या डॉक्टरकडे. फेब्रुवारीत तर मी तिचे इतके दात किडवले की ताई म्हणाली, "साखर कमी करा दोघं." फोन ठेवल्यावर मी घामेजलेला असायचो. आणि तरी आठवड्यात मराठीत बोलणं व्हायचं ते तेवढंच. ऑफिसात मी पाणीपुरवठ्याच्या नकाशांवर मान घालून बसायचो. शनिवार-रविवार तोंड उघडायची वेळच येत नसे, त्यामुळे सोमवारी पहिला शब्द बोलताना घसा खरखरायचा.

त्या रविवारी फोन ठेवला आणि करायला काहीच नव्हतं. कपडे धुऊन झाले होते, फ्रिज गुरगुरत होता. वेळ जावा म्हणून मी कॉम्प्युटर उघडला आणि साडेचारशे सामन्यांचा हिशोब पाहिला.

पूर्व दोनशे एकतीस. पश्चिम दोनशे एकोणीस.

मी दुसऱ्या ठिकाणी पाहिलं. तेच. मग कागद घेऊन एकेक संघ स्वतः मोजला. दीड तास गेला, आणि जानेवारीपासूनचा माझा सगळ्यात मजेत गेलेला दीड तास तोच. ताई चुकली होती! जिने शाळेच्या मैदानावर मला एका चुकीच्या गुणासाठी भर उन्हात फेऱ्या मारायला लावल्या, ती ताई.

खोटं कशाला बोलू, मला आणखी एक आनंद झाला. पूर्व जिंकली म्हणजे मी हरलो. म्हणजे फोन मी करायचा. म्हणजे रविवारी साडेआठला फोन वाजणार नाही, मृणालला कुठेही पाठवावं लागणार नाही. मन होईल तेव्हा मी फोन करीन. डोक्यावरून ओझं उतरल्यासारखं वाटलं मला.

मी लगेच मिरजेला फोन लावला.

"काय झालं?" ताईचा आवाज घाबरा होता. एका दिवसात दोन फोन आमच्यात कधी झाले नव्हते.

"वही घे."

"आत्ता?"

"घे तर. पूर्वेच्या क्लीव्हलँड संघाचं पान काढ. पश्चिमेविरुद्ध किती जिंकले लिहिलेस?"

तिने आकडा सांगितला.

"सात कमी आहेत. ते सात सामने तू पश्चिमेच्या रकान्यात टाकलेस."

मग मी एकेक तारीख वाचायला सुरुवात केली. मी तारीख आणि संघ सांगायचो, ती "हं" म्हणायची. सातही वेळा. मी खुर्चीत ताठ बसलो होतो, वर्गात पहिला आल्यासारखा.

"डोळ्यांना हल्ली कमी दिसतंय," ती शेवटी म्हणाली. "चष्मा बदलायला पाहिजे."

"अगं, पण जिंकलीस तू! दहा वर्षांत पहिल्यांदा पूर्व जिंकली."

"हं."

"आता वर्षभर फोन मी करायचा."

"श्रीपा," ती म्हणाली, "असं करूया काय? हे वर्ष सोडून देऊ. मोजणीतच घोळ झालाय म्हटल्यावर पैज कशाची? मीच करते फोन. मला सवय आहे."

"छे, छे. स्कोअर तो स्कोअर. तूच शिकवलंस ना?"

"ते खरं," ती म्हणाली. मग म्हणाली, "करशील नव्हं?"

"म्हणजे काय! पैज आहे."

पुढच्या रविवारी मी फोन केला. त्याच्या पुढच्या रविवारीही केला. तेव्हा तिने विचारलं, "मृणाल कुठाय?" आणि मी म्हटलं, "झोपलीय." ताई गप्प झाली. मला ते गप्प होणं सहन झालं नाही. तिसऱ्या रविवारी मी ठरवलं, आज नको, उद्या करू. उद्याचा परवा झाला. मे गेला, जून गेला. जितके दिवस जात होते तितका फोन अवघड होत होता, कारण आता आधी इतके दिवस का केला नाही ते सांगावं लागणार होतं. मला वाटलं, फारच झालं तर ती करील. तिने केला नाही. ताई खेळाचा नियम मोडणार नाही हे मला माहीत होतं, आणि माहीत असूनही मी तिच्यावर रुसलो. इतका मूर्ख होतो मी.

तो उन्हाळा कसा गेला ते नीट आठवत नाही. गवत कापायच्या यंत्रांचा आवाज तेवढा आठवतो, सगळ्या शेजाऱ्यांकडून येणारा. भाजी करताना मी स्वतःशी मोठ्याने बोलायला लागलो होतो. "आता मीठ घालूया," म्हणायचो, आणि घालायचो. रविवारी साडेआठला आपोआप जाग यायची. घर शांत असायचं. हवी होती ती शांतता मला मिळाली होती आणि तिने माझा जीव नकोसा केला होता.

ऑक्टोबरमध्ये एका रविवारी सकाळी आठला फोन वाजला. मी इतक्या जोरात उठलो की गुडघा टेबलावर आपटला.

"ताई?"

"नाही सर, मी रुबिना सतारमेकर. बाईंची विद्यार्थिनी. आता त्यांच्याच हाताखाली मुलींना शिकवते." मागे पोरींचा गलका आणि चेंडू आपटल्याचा आवाज येत होता. "बाईंना न सांगता फोन केलाय. रागावू नका."

"बरी आहे ना ती?"

"बऱ्या आहेत. खरं सर, आज जिल्ह्याची फायनल आहे. आमच्याच मैदानावर, सहाला. पंच म्हणून बाईंचं नाव आहे आणि त्या येत नाही म्हणतायत. वीस वर्षांत पहिल्यांदा! मी घरी जाऊन आले. म्हणाल्या, रविवारी सहाला घर सोडता येत नाही, श्रीपाचा फोन यायचा असतो."

मी घड्याळाकडे पाहिलं.

"एप्रिलपासून असंच चाललंय," रुबिना सांगत होती. "आधी बरं होतं. त्यांनी करायचा असायचा तेव्हा मॅचच्या दिवशी मैदानासमोरच्या बूथवरून करायच्या, शिट्टी गळ्यात तशीच. मॅच सहाची असली तर दहा मिनिटं आधी करायच्या. आता यायचा असतो म्हटल्यावर काय करणार? मोबाइल घ्या म्हटलं, तर म्हणतात, त्याच्याकडे हाच नंबर आहे. तुम्ही आत्ता फोन केलात ना सर, तर त्या सुटतील. घरापासून मैदान पाच मिनिटांवर आहे. आता साडेपाच वाजलेत."

"करतो," मी म्हटलं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "तुम्हाला पण पूर्वेचं कौतुक सांगून पिडत असेल."

"पूर्वेचं?" रुबिना हसली. "बाई आम्हाला पूर्वेच्या टीम बघूसुद्धा देत नाहीत. सीडी आणतात त्या सगळ्या पश्चिमेच्या. म्हणतात, पूर्वेकडं नुसती धक्काबुक्की आहे, बघायचं तर पश्चिमेचं पासिंग बघा. पूर्व अजून दहा वर्षं तरी जिंकत नाही, असं त्यांनीच आम्हाला शाळेत असताना सांगितलेलं. बरं सर, ठेवते. करा हं फोन."

मी रिसीव्हर हातात धरून उभा राहिलो. सगळं समोर होतं, पैज लावली त्या दिवसापासून होतं, आणि मी दहा वर्षं तिला चिडवत बसलो होतो. तिला हरायचं होतं. हरलं की फोन तिच्या हातात राहायचा.

पहिली घंटी पुरी व्हायच्या आत तिने उचलला.

"हां, बोल," ताई म्हणाली. जसं काही गेल्याच रविवारी बोललो होतो.

"ताई, मैदानावर जा. पोरी खोळंबल्यात."

"रुबीनं सांगितलं होय? बघते तिच्याकडं." मग म्हणाली, "अजून वेळ आहे. बोल की."

मी भिंतीकडे तोंड केलं. घरात कुणी नव्हतं तरी केलं.

"मृणाल गेली, ताई. जानेवारीतच."

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"तिनंच. फेब्रुवारीत फोन केलेला. म्हणाली, ताई, तो एकटा आहे, जरा बघा त्याच्याकडं. पोरगी वाईट नाही रे."

"मग मला दर रविवारी विचारत का होतीस, मृणाल कुठाय म्हणून?"

"सांगशील म्हणून."

मला रडू आलं. आई गेली तेव्हा मी लोकांसमोर रडलो नव्हतो. आता ओहायोतल्या त्या रिकाम्या स्वयंपाकघरात, एका हाताने टेबल धरून, चांगला हुंदके देऊन रडलो. ताईने मला गप्प केलं नाही. ती नुसती फोनवर होती. तिच्या मागे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, आणि मला भीती वाटत होती की तिला उशीर होतोय म्हणून ती ठेवून देईल. तिने ठेवला नाही.

"आणि ते सात सामने?" मी नाक पुसून विचारलं.

"सहा सरकवले तर बरोबरी होत होती," ताई म्हणाली. "म्हणून सात. आठवा नाही हलवला. तीस वर्षं शिट्टी वाजवली रे मी, कधी एक गुण इकडचा तिकडं केला नाही. त्या रात्री झोप आली नाही मला. खरं तुझ्यावर सोपवलं असतं तर वर्षात दोन फोन आले असते. ते बाकीच्या वर्षी चाललं असतं. या वर्षी कसं चालेल?"

दोनच आले होते. तेवढं मात्र तिने बोलून दाखवलं नाही.

"या मोसमात पूर्व मी घेतो," मी म्हटलं.

"नाही. पूर्व माझी आहे."

"तुझी कसली? पोरींना पूर्वेची टीम बघूसुद्धा देत नाहीस."

"ही रुबी ना, फार बोलते."

"पूर्व मी घेणार. दहा वर्षं तू हरलीस, आता मला हरू दे."

"तुला जमायचं नाही. त्याला शिस्त लागते."

"जमवतो."

"आणि दोघांनी पूर्व घेतल्यावर पैज कशी व्हायची? पश्चिम कुणी घ्यायची?"

"नको घेऊ दे कुणी."

"मग फोन कुणी करायचा?"

ते ठरायच्या आतच "पावणेसहा झाले, जाते मी," असं म्हणून तिने फोन ठेवला. शिट्टी शोधत ती खोलीभर फिरत असेल, चपला अडकवून निघाली असेल, असं मी मनात बघत राहिलो. त्या दिवशी मी नाश्त्याला पोहे केले आणि खाल्ले, बसून, बशीत घेऊन.

पुढच्या रविवारी मी सातलाच उठलो. दाढी केली. आठ एकोणतीसला खुर्ची ओढून बसलो आणि साडेआठचा काटा पडला तसा मिरजेचा नंबर फिरवला. एंगेज. आकडा चुकला असेल म्हणून पुन्हा फिरवला. एंगेज. मला पहिल्यांदा वाटलं ते हे की ती दुसऱ्या कुणाशी तरी बोलतेय. रविवारी, सहाला! कुणाशी? इतके महिने ती काय सोसत होती त्याचा थोडा तरी अंदाज मला त्या वेळी आला. मी पुन्हा लावला, पुन्हा, पुन्हा. आठ चाळीस झाले. शेवटी दमून रिसीव्हर खाली ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसलो.

ठेवल्याठेवल्या फोन वाजला.

"काय रे," ताई कातावून म्हणाली, "कुणाशी बोलत होतास इतका वेळ?"